अंगातली खोटी आवई

प्रिय ताई,
धाकटीचा नमस्कार.

मी ठीक आहे, जिवाला घोर लावून घेऊ नकोस. सकाळी बोटं आखडायची, सुईत दोरा ओवता येईना, शिवणकाम अडलं. म्हणून डॉक्टरीणबाईंकडे गेले.

त्या म्हणाल्या, "रक्तात निरोप नेणारे रेणू असतात. तुमच्या या संधिवातात ते 'शत्रू आला' अशी खोटी आवई उठवतात. मग तुमच्याच पेशी तुमच्या सांध्यांवर तुटून पडतात. त्या रेणूंना गप्प करणारं इंजेक्शन देते."

मी विचारलं, "इंजेक्शननं ते गप्प झाले, तर खरा शत्रू आल्यावर ओरडणार कोण?"

"म्हणूनच ताप आला की लगेच यायचं."

अर्धंच कळलं गं. तरी इंजेक्शन घेतलं. महिन्यानं आज बटणं माझी मी लावली. हसावं की स्वतःच्याच अंगावर रागवावं, सुचेना.

तुझी बोटं आखडतात का? माझ्यासारखं लपवू नकोस.

तुझीच,
धाकटी