खोडलेलं मागणं

प्रिय सुखदा,

प्रभूमध्ये सलाम. पाकिटावर माझं अक्षर बघून तुझ्या मनात नको ते येईल, म्हणून आधीच सांगते, तुझे भावजी जिवंत आहेत. सात आठवड्यांपूर्वी सकाळी दाढी करताना त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. अकरा दिवस इस्पितळात होते, आता घरी आहेत. रोशन पुण्याहून आला, तीन आठवडे राहिला, रजा संपली तसा गेला. मावशीला तू कळवू नकोस, मी लिहीन, असं मीच त्याला सांगितलं होतं. लिहायला इतके दिवस लागले.

मला काही होत नाहीये. तुला धीर द्यायला म्हणून लिहीत नाही, खरंच काही होत नाहीये. पाचला उठते, त्यांना कुशीवर वळवते, पाठ पुसते, नाचणीची पेज चमच्याने भरवते, गोळ्या देते. दहाला हर्षिता नावाची व्यायाम करून घेणारी मुलगी येते आणि ‘स्वल्प अंकल, इन्नू स्वल्प’, थोडं, अजून थोडं, करत त्यांचा हात इंच इंच वर नेते. चामराजपेटच्या सगळ्या जुन्या शेजारणी डबे घेऊन येतात आणि दारातच रडतात. मी डबे धुऊन परत देते. बोलायला शिकवणारे डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात. शब्द परत यायचे असतील तर या पहिल्या काही महिन्यांतच यायची शक्यता जास्त, असं ते म्हणाले. त्यांनी चित्रांची कार्डं दिली आहेत. पेला, कुत्रा, छत्री. विलास कार्डाकडे बघत नाहीत, माझ्याकडे बघतात. मी कार्ड सरळ धरते.

आपली मराठी उपासना अजून रविवारी चारलाच असते, सकाळी कन्नड मंडळींची झाल्यावर. प्रार्थनेच्या चिठ्ठ्यांचा निळा डबाही तोच आहे. शनिवारी मी तो घरी आणायचे आणि लाल पेन घेऊन बसायचे, हे तुला सांगायला नको. पीण्या वसाहतीतल्या कारखान्यात माल तपासताना तीस वर्षं तेच केलं. शाफ्ट व्हर्निअरमध्ये धरायचा, मापात नसला तर लाल रंग लावून बाजूला ठेवायचा. लोक देवाकडे मागतानाही मापात मागत नाहीत असं माझं मत होतं. कुणाला व्हिसा हवा, कुणाला अमुकच घरातली सून हवी. मी ते सगळं खोडायचे, नाव तेवढं राहू द्यायचे आणि पुढे लिहायचे, ‘देवाच्या इच्छेप्रमाणे आशीर्वाद मिळावा.’ सगळ्या चिठ्ठ्या एका मापाच्या झाल्या की रविवारी वाचून दाखवायचे. याला मी नम्रता म्हणत होते. विलास म्हणायचे, ‘इन्स्पेक्टर, एखादी चिठ्ठी देवाला स्वतः वाचू दे की!’ लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी दूधवाल्याचं माप त्याच्यासमोर पुन्हा मापून घेतलं, तेव्हापासून मी त्यांची इन्स्पेक्टर. सकाळचा चहा तेच करायचे. कप हातात देऊन रोज एकच प्रश्न, ‘इन्स्पेक्टर, माल पास का?’ मी रोज म्हणायचे, साखर जास्त आहे.

पाच रविवार मला जाता आलं नाही. सहाव्या रविवारी हर्षिता दोन तास बसते म्हणाली, म्हणून गेले. डबा आता गुंडोअण्णांकडे आहे. त्यांना खोडाखोड जमत नाही, जे लिहिलंय ते मोठ्यानं वाचतात. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका मुलीनं लिहिलं होतं, ‘प्रभू, माझ्या मॅनेजरला दुसरीकडे बढती दे.’ सगळे हसले, आणि पाळकसाहेब हसत हसतच आमेन म्हणाले. विठाबाईंची होती, ‘गुडघ्यांनो, काही म्हणा, पण प्रभू, मला एकदा पायऱ्या चढून माझ्या नातीच्या घरी जायचंय. तिसरा मजला आहे. लिफ्ट नाही, तुला माहीतच आहे.’ मग गुंडोअण्णांनी माझी वाचली. मी जाता जाता डब्यात टाकली होती. ‘विलास यांच्या प्रकृतीसाठी, देवाच्या इच्छेप्रमाणे.’ विठाबाई मागे वळल्या आणि भर उपासनेत म्हणाल्या, ‘संध्याबाई, हे काय मागणं झालं? वाचनालयात गेलं तरी पुस्तकाचं नाव सांगावं लागतं!’

मला राग आला नाही. वाईटही वाटलं नाही. घरी आले, हर्षिताला सोडलं, पेज केली, भरवली आणि नीट चिठ्ठी लिहायला बसले. विलासचं नाव लिहिलं आणि पेन थांबलं. ते घाबरलं होतं, सुखदा. स्पष्ट मागितलं आणि स्पष्ट ‘नाही’ आलं, तर मग मी काय करायचं? ‘इच्छेप्रमाणे’ लिहिलं की ‘नाही’ कधी ऐकूच येत नाही. आपल्या प्रभूनंही वधस्तंभाच्या आदल्या रात्री बागेत आधी स्वतःला काय हवं ते पित्याला सांगितलं होतं. सोपवलं ते त्यानंतर. मी इतकी वर्षं लोकांचं पहिलं वाक्य खोडत आले आणि दुसरं तेवढं ठेवत आले.

अकरा वर्षांपूर्वीची तुझी चिठ्ठी मला पाठ आहे. ‘प्रभू, हे बाळ मला हवं आहे. आधीची दोन गेली तेव्हा मी काही बोलले नाही. हे नेऊ नकोस. हे मला दे.’ मी वाचलं होतं, ‘सुखदाच्या प्रकृतीसाठी, देवाच्या इच्छेप्रमाणे.’ तू तिसऱ्या बाकावर पोटावर हात ठेवून बसली होतीस, तुझी चार वाक्यं यायची वाट बघत. तू आमेन म्हणाली नाहीस, ते मी पाहिलं होतं. गुरुवारी बाळ गेलं. इस्पितळात तू म्हणालीस, ‘अक्का, देव नाही म्हणाला असता तर मी ऐकलं असतं. तू मला मागूच दिलं नाहीस.’ आणि मी तुला उत्तर दिलं, ‘मी सगळ्यांच्याच चिठ्ठ्या लहान करते.’ आई गेल्यावर तुझ्या वेण्या मी घातल्या होत्या, आणि तुला मी हे उत्तर दिलं. त्याच वर्षी तुम्ही बेळगावला गेलात. मी म्हटलं, बदली झाली असेल.

चिठ्ठी वाचली असती तर बाळ राहिलं असतं असं मी म्हणत नाही. ते मला माहीत नाही. पण ते मागणं तुझं होतं, आणि ते खोडायचा मला काही अधिकार नव्हता. माझं चुकलं.

हे मी फोनवरही बोलले असते. पण फोनवर तू ‘बरं अक्का’ म्हणशील आणि मीही ‘बरं’ म्हणून ठेवून देईन, म्हणून पत्र. आणि कारण दुसरंही आहे. चिठ्ठी शेवटी लिहून झाली. चार दिवस लागले. सोबत ठेवली आहे. इथे डब्यात टाकवत नाही. तुला मागता येतं, तेव्हाही येत होतं. तिथल्या उपासनेत वाच, नाहीतर स्वयंपाकघरात एकटीच वाच. लिहिलंय ते एवढंच. ‘प्रभू, विलासनं मला एकदा इन्स्पेक्टर म्हणून हाक मारावी. मला ते ऐकायचंय. याच घरात, या वर्षातच.’ हे मापात नाही, मला कळतं. यातलं काही खोडावंसं वाटलं तर खोड. तो अधिकार फक्त तुला आहे.

तुझीच,
अक्का