सहावीतली एक मुलगी

५ ऑगस्ट, सोमवार. सकाळी.
आजपासून नवी बॅच. आरोग्य केंद्रातल्या नर्स, समाजसेवक, बालगृहाचे अधीक्षक, शाळाशाळांत फिरणाऱ्या एक नर्सबाई. मुलांच्या मनाचं दुखणं कसं ओळखायचं आणि त्याचं काय करायचं, हे यांना पाच दिवसांत शिकवायचं. काम अवघड, पण माणूस योग्य निवडलाय. संकल्प: या वेळी कमी बोलायचं.

संध्याकाळी.
प्रस्तावना जेवणाच्या सुट्टीपर्यंत लांबली. विषयच तसा होता: मुलांचं ऐकून कसं घ्यावं. माझ्या जोडीच्या ट्रेनर, मानसोपचारवाल्या डॉक्टरीणबाई, सारख्या घड्याळ दाखवत होत्या. लोक माझं ऐकतात हे त्यांना बघवत नाही.
घरी आमच्या लेकीचं, चिमणीचं, नवंच दुखणं. शाळेची वेळ झाली की पोट दुखतं. बायको म्हणाली, पंधरा दिवस चाललंय. इतके दिवस मला कोणी सांगितलं का? मी लेकीला समोर बसवलं, ट्रेनिंगमधला भावनांच्या चेहऱ्यांचा तक्ता दाखवला आणि यातला तुझा चेहरा कोणता ते विचारलं. भूक लागलीय म्हणाली. तो चेहरा तक्त्यावर नाही. असो. सांगेल उद्या. मुलं माझ्यापाशी मोकळी होतातच.

६ ऑगस्ट, मंगळवार.
रोल प्ले. मुलाची भूमिका नेहमीप्रमाणे मीच केली. बाकीच्यांना मनापासून रडता येत नाही.
जुन्या केसेस सांगून सांगून मलाच कंटाळा आलाय. ऐनवेळी एक ताजी दिली. सहावीतली एक मुलगी, वडिलांनी सांगितलेली हकीकत. शाळेच्या दिवशी पोट दुखतं, रविवारी दुखत नाही. जिवलग मैत्रिणीचं नाव काढलं की जेवता जेवता उठून जाते. नाव नाही, पत्ता नाही, कडक गोपनीयता. फक्त ओघात सांगून गेलो की दप्तराला कापडी घुबड लटकतंय आणि पुढचे केस तिने स्वतःच कात्रीने कापलेत. तपशील दिले की केस जिवंत होते. सगळ्यांनी उतरवून घेतलं.

७ ऑगस्ट, बुधवार.
गटांनी केस मांडली. तिसऱ्या गटाने अकलेचं दिवाळं काढलं: मुलीचं वागणं वडिलांनी इतकं सांगितलंय, तिचं बोलणं एकदाही नाही, वडिलांना ऐकायची सवय नसावी. मी शांतपणे म्हणालो की वडील अत्यंत समंजस असून कदाचित याच क्षेत्रातले असू शकतील. अधीक्षक म्हणाले, मग तर पोरीचं कठीण आहे. हशा. डॉक्टरीणबाई डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. फक्त फिरत्या नर्सबाई तेवढ्या हसल्या नाहीत. टक लावून माझ्याकडे बघत होत्या. भारावल्या असाव्यात.

८ ऑगस्ट, गुरुवार.
गोपनीयतेचं सत्र. माझं लाडकं. मुलाने विश्वासाने सांगितलेलं, जिवाला धोका नसेल तर, आईबापांनाही सांगायचं नाही. रडू देत, ओरडू देत, ओळखी काढू देत. सगळ्यांकडून वदवून घेतलं.
त्या फिरत्या नर्सबाईंनी हात वर केला. आईबापच मुलाचं बाहेर सांगत सुटले तर काय करायचं? उत्तम प्रश्न, म्हणालो, आणि वेळेअभावी पुढे सरकलो.
चिमणी आज न कुरकुरता शाळेत गेली. तक्त्याचा गुण.

९ ऑगस्ट, शुक्रवार.
समारोप. प्रत्येकाने आपापल्या ठिकाणी आणखी दहा जणांना शिकवायचं, त्यांनी पुढच्या दहांना. ही माझीच कल्पना. टाळ्या बऱ्यापैकी.

१३ ऑगस्ट, मंगळवार.
दगा! चिमणी मधल्या सुट्टीत त्या फिरत्या नर्सबाईंपाशी जाऊन बसते. त्यांच्या फेऱ्यांत तिची शाळाही आहे, हे मला आज कळतंय. आणि बसून काय करते? बोलते! इथे घरात तज्ज्ञ बसलाय, आणि पोरगी दारोदार मन मोकळं करतेय. बायकोला सगळं ठाऊक होतं. मग मला का नाही सांगितलं विचारलं, तर म्हणते, सांगणार होते, पण तुमचंच सांगणं चालू होतं. घरभेदी.

१४ ऑगस्ट, बुधवार.
शाळेत गेलो. नर्सबाईंची खोली एवढीशी: वजनकाटा, डोळे तपासायचा तक्ता, मुलांच्या मापाच्या दोन खुर्च्या. त्यातल्या एकीत मला बसवलं. गुडघे हनुवटीला लागत होते.
आधी ट्रेनर म्हणून विचारलं, मग सहकारी म्हणून, शेवटी बाप म्हणून. त्या म्हणाल्या, सर, जिवाला धोका नाही, काळजी करू नका, बाकी तिचं तिला विचारा. माझा आवाज चढला. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि गप्प बसून राहिल्या. समोरचा चिडला तर शांततेला घाबरू नका, हे कोणी शिकवलं यांना? मीच! माझ्याच विद्येने माझा केसाने गळा कापला. ग्लास रिकामा केला आणि उठलो.
पुढच्या बॅचपासून गोपनीयता अर्ध्या तासात उरकायची.

१५ ऑगस्ट, गुरुवार.
संकल्प: चिमणीला काही विचारायचं नाही. तिने आपणहून यावं.
दोनदाच विचारलं.

१६ ऑगस्ट, शुक्रवार. दुपारी.
अखेर कोणाला तरी माझी किंमत कळली. बॅचमधल्या समाजसेवकांचा फोन. त्यांनी एका शाळेतल्या शिक्षकांना माझी केस दिली. एका शिक्षिकेला ती इतकी आवडली, की आज तिने वर्गातच वाचून दाखवली आणि अशा मैत्रिणीला तुम्ही कशी मदत कराल, असं मुलांना विचारलं. वर्ग म्हणे फार रंगला. कुठली शाळा ते विचारायचं राहिलं. घुबड ठेवलंत ना, एवढं मात्र विचारलं. ठेवलं म्हणाले.

रविवार. तारीख बघितली नाही.
शुक्रवारी संध्याकाळपासून घरात कोणी माझ्याशी बोलत नाही. शाळा चिमणीचीच. वर्ग चिमणीचाच. घुबडाचं वाचल्याबरोबर सगळ्या वर्गाने वळून तिच्या दप्तराकडे पाहिलं. ती मैत्रीणही होती. सगळ्यांत आधी तीच हसली.
आज लेक आपणहून समोर येऊन बसली. मी म्हणालो, नाव कुठे घेतलं होतं मी? शिकवण्यासाठी होतं ते. इतर मुलांच्या भल्यासाठी. बराच वेळ समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, मी नर्सबाईंना जे सांगितलं, त्यातलं बाबा तुला काय काय कळलं? मी म्हणालो, काहीच नाही, त्या बाई तोंडच उघडत नाहीत.
म्हणून त्यांना सांगितलं, म्हणाली आणि आईच्या खोलीत निघून गेली.
उद्यापासून नवी बॅच. पहिलं सत्र, मुलांचं ऐकून कसं घ्यावं. तयारीला बसलोय, पण डोक्यात काही शिरत नाही. माझ्या मुलीला नक्की काय झालंय, ते मला अजून माहीत नाही.