पाहायला कुणी नव्हतं

९ ऑक्टोबर २०२५, गुरुवार

आज कामावर परत आले. बाईंनी काही विचारलं नाही. आंघोळीचं पाणी काढायला सांगितलं, गोळ्यांचा डबा आता कुठे ठेवलाय ते दाखवलं, आणि चहा झाल्यावर म्हणाल्या, "लिहायला बसशील का?" बरं वाटलं. गावी, नाट्याला, पंधरा दिवस जो येईल तो माझ्या तोंडाकडेच बघत होता.

हेमाबाई कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. आता कंपवात झालाय. चमचा धरवत नाही, पेन तर नाहीच. मुलांसाठी पुस्तक लिहितायत, निर्जीवातून पहिला जीव कसा झाला त्याचं. त्या सांगतात, मी लिहिते. मी दहावीपर्यंतच शिकले, पण अक्षर चांगलं आहे. सोमवार ते शनिवार इथे रत्नागिरीत त्यांच्याकडे, रविवारी एसटीने नाट्याला.

आज डबक्यांचं प्रकरण. बाई म्हणाल्या, "आपल्या सड्यावर, वरच्या माळावर, कातळाच्या खळग्यांत पाणी साठतं ना? ऊन पडलं की आटतं, सर आली की परत भरतं. चारशे कोटी वर्षांपूर्वी असंच. पाणी आटताना त्यातली द्रव्यं दाट होतात, एकमेकांना धरतात. परत पाणी, परत ऊन. लाखो वेळा. असं होता होता त्यांच्या लांब साखळ्या झाल्या असतील."

मी 'साखळ्या झाल्या' असं लिहिलं. त्यांनी वाचून खोडायला लावलं. "'असतील' लिही. तिथे पाहायला कुणी नव्हतं."

माझा सुजय लाँचवरून पाण्यात गेला तेव्हा चार माणसं होती. दिवसाउजेडी, दुपारचे चार वाजलेले. पाहिलं एकानेही नाही.

१० ऑक्टोबर

लाँच चालवणारा तांडेल म्हणतो, जाळं ओढताना दोरी पायात अडकली असेल. अनिल म्हणतो, लाट आली असेल. दीपक म्हणतो, मी आडवा झालो होतो, उठून बघतो तर सुजय नाही. चौथा खलाशी लाँच सोडून आपल्या गावी गेलाय, फोन उचलत नाही.

सगळे 'असेल' म्हणतात.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

लिहिते. नाही लिहिलं तर उद्या मला खरं वाटणार नाही.

काल पोलिसांचा फोन. आरे-वारेच्या पुळणीवर एक देह आलाय. आज सकाळच्या गाडीने हे आले, सुजयचे वडील. आम्ही दोघं सिव्हिलला गेलो. मला बाहेर बसवलं. दार उघडलं तेव्हा चादरीखालचे पाय तेवढे दिसले. मला ते सुजयचे वाटले नाहीत. तिथला शिपाई म्हणाला, इतके दिवस पाण्यात राहून कुणाचेच पाय कुणासारखे राहत नाहीत.

हे बाहेर आले. भिंतीला हात लावून उभे राहिले. "उंची तीच. कमरेला काळा करदोडा. आपलाच हाय गो."

मी म्हटलं, "करदोडा तर सगळेच बांधतात."

"चेहरा राहिलेला नाय. काय बघायचा?" मग हळू म्हणाले, "रोज बंदरावर जाऊन उभा राहतो मी. आता उभं राहवत नाय. आपलाच म्हण."

मी म्हटलं, आपलाच.

दोघांनी सही केली. हवालदार माझ्याशी नीट बोलला. "मावशी, चेहऱ्यावरून ओळख पटत नाही, म्हणून देहाचा नमुना आणि तुमचं रक्त मुंबईला पाठवावं लागतं, जुळतं का बघायला. देह तुम्ही न्या. ठेवण्यासारखा नाही." दंडातून रक्त काढलं.

इथेच अग्नी दिला. बापाने मुलाला. मी खूप रडले. सुजयसाठीच रडले. पण रडताना सारखं ते पाय डोळ्यांसमोर.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. वाडीत सगळ्यांच्या दारात कंदील. शेजारच्या राहीने चकल्या आणल्या, ओट्यावर ठेवून गेली. पाहुणे तेराव्याचं बोलतायत. राख परवाच ह्यांनी बंदरावरून समुद्रात सोडली.

३ नोव्हेंबर, सोमवार

तेरावं झालं. परत रत्नागिरी. बाई मधल्या दिवसांत बऱ्याच वाळल्यात. बदलीची बाई त्यांना घाईघाईत भरवायची म्हणे. आज पेज केली, पाऊण तास बसून भरवली.

मग लिहायला. शास्त्रज्ञांत दोन तट आहेत. एक म्हणतात, आधी नक्कल, म्हणजे स्वतःसारखा दुसरा घडवणारा रेणू आधी आला. दुसरे म्हणतात, आधी चूल. बाहेरून काही घ्यायचं, त्यातून जोर काढायचा, त्यावर टिकायचं. नक्कल मागून. बाईंनी मला विचारलं, "तुला काय वाटतं?"

असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "चूल. घरात चूल पेटत नसेल तर मूल वाढणार कशावर?"

बाई हसल्या. "हे तसंच्या तसं लिही. चुलीवाल्यांना आवडेल." मग म्हणाल्या, "ते सांगतात की ही चूल समुद्राच्या तळाशी पेटली असेल. तिथे खडकाच्या भेगांतून गरम पाणी वर येतं. त्या दगडाला बारीक बारीक भोकं. एकेक भोक म्हणजे जणू एकेक खोली—"

समुद्राच्या तळाशी. माझं पेन थांबलं. बाईंच्या लक्षात आलं. "आज पुरे."

मी म्हटलं, "नको. सांगा." तळाशी काळोख असतो, वरून पाण्याचा भार असतो, तरी तिथे शिंपले आणि आंधळे खेकडे जगतात. सगळं लिहिलं. दोन पानं झाली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

बाईंवर आवाज चढवला. सात वर्षांत पहिल्यांदा.

आज आकाशाचं प्रकरण होतं. वरून पडलेल्या दगडांत प्रथिनं ज्यांची होतात ते घटक सापडलेत. लांबच्या एका लघुग्रहावरची माती यानाने आणली, तिच्यातही आहेत. म्हणून काही म्हणतात, सामान तरी वरूनच आलं. काही तर म्हणतात, जीवच वरून आला. बाईंना हे दुसरं पटत नाही. "मग तिथे कसा झाला? प्रश्न नुसता लांब नेऊन ठेवला."

मी पेन खाली ठेवलं. विचारलं, "बाई, कुठे का होईना, जीव नसलेल्या वस्तूत जीव आला, हे खरं?"

"आलाच असणार. नाहीतर तू-मी इथे नसतो."

"मग एकदा झालं ते परत का होत नाही?"

त्या समजावायला लागल्या. आता हवेत प्राणवायू आहे, अशी द्रव्यं साठायच्या आत कुठला ना कुठला जिवाणू ती खाऊन टाकतो, असं काही काही. वर्गात सांगावं तसं. मी ओरडले, "मी ते विचारत नाही!"

मग मी जे ह्यांनाही सांगितलेलं नाही ते सांगितलं. त्या दिवशी सुजय जायला तयार नव्हता. अंगात कणकण आहे म्हणाला. मी म्हटलं, हंगाम आत्ता कुठे सुरू झालाय, तांडेल दुसरा माणूस घेईल, जा. डबा मी भरला. चपला दारात सरळ करून ठेवल्या त्याही मीच.

बाई म्हणाल्या, "कमळा, निर्जीव वेगळं आणि मेलेलं वेगळं. निर्जीवातून जीव आला असेल. मेलेलं परत येत नाही."

खरं ते बोलल्या. मला सहन झालं नाही. भात केला, भरवला.

१३ नोव्हेंबर

सकाळी बाई स्वतःहून म्हणाल्या, "काल तू शिकवणी मागत नव्हतीस. मला तेवढंच येतं गं."

मी केस विंचरत होते त्यांचे. म्हटलं, "असू दे."

थोड्या वेळाने म्हणाल्या, "पुस्तकात एक गोष्ट लिहायची राहिली. पहिल्या जीवापासून तुझ्यापर्यंत मध्ये एकदाही खंड पडलेला नाही. चारशे कोटी वर्षं. मधला एक जरी मूल व्हायच्या आधी गेला असता, तर तू नसतीस."

"आणि तुम्ही?"

"मीही नसते. पण माझ्यापाशी ते थांबलं. मला मूल नाही."

मी म्हटलं, "माझ्याकडून पुढे गेलं होतं."

त्यांनी हात वर करून माझा हात धरायचा प्रयत्न केला. थरथरीमुळे दोनदा चुकला. मग मीच धरला. कंगवा केसांत तसाच अडकलेला.

३० नोव्हेंबर, रविवार

नाटे. हे जाळी विणायला बसलेत. दोन महिन्यांनी हातात सुई घेतली. जेवतात. झोपतात. बंदरावर जात नाहीत. मला म्हणाले, "पोराला अग्नी तरी भेटला. किती जणांना तोपण भेटत नाय."

मी हो म्हटलं. आणि आज पहिल्यांदा मलाही वाटलं की तोच होता. पाण्यात राहून पाय तसे झाले असतील. मुंबईचा कागद अजून आलेला नाही. यायचा तेव्हा येईल, त्याची आता काय घाई.

सुजयचे शर्ट काढले. अनिलला बसतील. तीन दिले. निळा ठेवला.

१९ डिसेंबर, शुक्रवार

शेवटचं प्रकरण. मला वाटलं, आता बाई सांगतील यातलं खरं कुठलं. डबकं, तळ, आकाश. नक्कल की चूल. त्या म्हणाल्या, "लिही— आम्हाला अजून माहीत नाही."

"एवढी दीडशे पानं लिहून?"

"हो. खोटं उत्तर बसलं की लोक शोधायचे थांबतात. जागा रिकामी ठेवलेली बरी. कुणीतरी पोर वाचेल, त्याला चैन पडणार नाही, ते शोधेल."

लिहिलं. मलाही चैन पडेना. भांडी घासताना पडेना, कपडे वाळत घालताना पडेना. संध्याकाळी पोलीस ठाण्यात फोन केला, कागद आला का म्हणून. हवालदार म्हणाला, "नाही मावशी. तुम्ही कशाला त्रास करून घेता? झालं ना सगळं?"

२५ डिसेंबर

बाईंना ताप. लिखाण बंद. पुस्तकावर 'लेखनिक' म्हणून माझं नाव घालायचं म्हणतात. मी नको म्हटलं. ऐकत नाहीत.

२ जानेवारी २०२६, शुक्रवार

कागद आला. नमुना जुळत नाही. दोनदा तपासलाय.

ज्याला आम्ही अग्नी दिला तो सुजय नाही. सुजय अजून समुद्रात आहे. ह्यांना सांगितलेलं नाही. हे आज वाडीतल्या माणसांबरोबर जाळं टाकायला गेलेत.

हवालदाराने मान वर न करता सांगितलं, त्याच दिवसांत केळशीकडचा एक खलाशी बेपत्ता झालाय. त्याच्या आईचं रक्त आता घेणार. तिच्याच मुलाचा देह असेल असंही नाही. मी नाव विचारलं, पत्ता विचारला. त्याने लिहून दिला.

बाईंनी कागद वाचला. दोन दिवस जा म्हणाल्या, शेजारची येईल भरवायला.

उद्या पहिल्या गाडीने केळशीला जाते. तिच्याजवळ ओळखायलाही काही उरलं नाही, राख आम्ही सोडली. तोच असेल तर तिला एवढं तरी कळायला हवं की तो एकटा गेला नाही. त्याच्यासाठी कुणीतरी आई म्हणून रडलं होतं.