पांढऱ्या पट्टीच्या अलीकडे

७ जाने., बुध.
दिनूभाऊचा फोन. (यापुढे वहीत नुसतं दि. 'भाऊ' म्हणण्यासारखं त्याच्यात काही उरलेलं नाही.) नाटक परत काढतोय. माझं नाटक. विचारलं, रोल कुठला? म्हणाला, "रोल नाही गं. आवाज."

रोल रियाला. मालिकेतली ती, घाटकोपरला होर्डिंगवर दागिने घालून उभी असते. दिसते छान. गाता येत नाही. तिने ओठ हलवायचे, पदं मी विंगेतून म्हणायची.
"तुझ्याशिवाय आहे कोण?" म्हणाला. लीड देतानाही हेच म्हणाला होता, तेव्हा माझे केस काळे होते.
एकच अट घातली. रेकॉर्ड करणार नाही, दर प्रयोगाला उभी राहून गाईन. आवाज एकदा डबीत भरून दिला की ह्यांना मी कशाला लागते? तो हो म्हणाला. मीही हो म्हणाले. का म्हणाले, देव जाणे.

१३ जाने., मंगळ.
पार्ल्याच्या हॉलवर तालीम. रिया विचारते, "ताई, तुम्ही आधी काय करायच्या?"
सांगितलं. बालनाट्यात चेटकीण. गिरणीवाल्यांच्या स्पर्धेत हुतात्म्याची विधवा, तीन वर्षं ओळीने. मग हे नाटक. मग मालिकेत आत्या. भावाच्या लग्नाला सुट्टी मागितली, तर पुढच्याच आठवड्यात आत्या जिन्यावरून पडून वारली. हिंगाच्या जाहिरातीत आवाज. आणि हल्ली अंधेरीत, अनन्या म्हणून एक मुलगी गॅलरी चालवते तिच्याकडे, परफॉर्मन्स आर्ट. सहा तास पाट्यावर मिरच्या वाटल्या. बघे भोवती उभे राहून शिंकत होते.
"सो क्यूट," रिया म्हणाली.
आयत्या बिळावर नागोबा, आणि वर क्यूट म्हणतो.

२५ जाने., रवि.
मुलुंडला पहिला प्रयोग, दुपारचा. झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते. उद्यापासून प्रत्येक जण मलाच सांगणार आहे काय झालं ते.

तिसऱ्या घंटेआधी नावं पुकारली. चहावाल्याचे आभारसुद्धा. माझं नाव नाही. दि. म्हणे, "प्रेक्षकांचा भ्रम तुटतो गं."
एन्ट्रीचं पद. पहिली ओळ विंगेतून, दुसरीला पाय बाहेर, चौथीला तुळशीपाशी. पहिली ओळ म्हटली. रिया माझ्या पुढून बाहेर गेली. दुसरी ओळ म्हटली.
चौथ्या ओळीला मी तुळशीपाशी होते.

ती नऊवारीत, मी पंजाबी ड्रेसमध्ये, अनवाणी, डोळ्यांवर चष्मा, हातात माईक. तिचे ओठ उघडे ते उघडेच. पद मधे तोडायचं नाही हे अंगात भिनलंय, म्हणून पुरं केलं. कुणीतरी तिसऱ्या रांगेतून माझं नाव घेऊन ओरडलं. मग टाळ्या. मी पलीकडच्या विंगेत गेले, जशी तेव्हा जायची.


२६ जाने., सोम.
दि. घरी आला. बूट न काढता.
"मुद्दाम केलंस."
"पाय गेले."
"मग लिहून दे. चुकून झालं, वयामुळे भान राहिलं नाही. रिया त्याशिवाय उभी राहणार नाही. नाहीतर पदं रेकॉर्ड करून दे आणि सूट. दोन्ही नको तर कल्याणची एक पोरगी तयार आहे."
रविवारी बोरिवलीचा प्रयोग. तोवर सांगायचं. आईने त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. आमच्या घरात ही शिवीच झाली.

२७ जाने., मंगळ.
अनन्याचा फोन. कुणीतरी व्हिडिओ टाकलाय. "मावशी, कसली स्ट्राँग आहेस यार! तुझं बेस्ट काम. शनिवारी गॅलरीत येऊन बोल ना यावर."
म्हटलं, बाई, चुकले गं.
"असं कुणाला सांगू नकोस ना, प्लीज."
ही पण तसलीच. दि.ला मी म्हातारी हवी, हिला बंडखोर. बाई चुकली, एवढं साधं कुणालाच परवडत नाही. दोघांचाही संताप आला. फोन आपटायची सोय राहिली नाही हल्ली.

२९ जाने., गुरु.
पत्र लिहिलं. 'वयामुळे' खोडलं. परत लिहिलं. परत खोडलं. वय म्हणावं तर संपले. मुद्दाम म्हणावं तर कल्याणची पोरगी.

आई भाकरी थापत होती. न विचारता बोलली, "तू चुकलंस नाय. तीच तुझ्या जाग्यार उभी होती."
आये, तुझं बरं आहे. तुला उद्या विंगेत उभं राहायचं नाही.

३० जाने., शुक्र.
परत पार्ल्याला तालीम. पाटकर, रंगमंचाचं सगळं बघतो तो, गुडघ्यांवर बसून विंगेच्या खुणेवर पांढरी पट्टी चिकटवत होता. बोरिवलीलाही लावणार.
"ताई, याच्या पुढे नाही हं यायचं. भाऊंनी सांगितलंय."
ह्याच पाटकरने एके काळी दर प्रयोगाला माझ्या पदराला पिन लावली. आज वर बघेना. रियाने मात्र बघितलं, आणि त्याच 'सो क्यूट'वाल्या कौतुकाने हसली. पट्टीच्या अलीकडे उभी राहून पाचही पदं म्हटली. पाय हलले नाहीत. दर पदाआधी दि. घसा खाकरून माझ्याकडे बघत होता, बाकी काही नाही. जीव तोडून तिरस्कार वाटला. त्याचा, तिचा, पट्टीचा. पाटकरचाही, थोडा.

१ फेब्रु., रवि.
बस दीडला येणार खाली. केस धुतले. दि.चा फोन, "पत्र आणतेयस ना?" हो म्हटलं. 'वयामुळे' शेवटी ठेवलंय.

सकाळी हॉलमध्ये फरशीवर पट्टी लावली. पांढरी नव्हती घरात, आईच्या औषधांच्या खोक्याची तपकिरी होती. एन्ट्रीचं पद पाच वेळा म्हटलं. आई सोफ्यावरून बघत होती.
तीनदा पाय पलीकडे.
पहिल्या दोन वेळा कळलंच नाही. तिसऱ्या वेळी मी खाली पट्टीकडेच बघत होते.

हॉर्न वाजतोय. चष्म्याशिवाय मला जमिनीवरचं काही दिसत नाही. पत्र पर्समध्ये आहे. चष्मा अजून टेबलावर.