संस्थापक जातीने हजर राहतील

४ फेब्रुवारी
कंपनी काढायची ठरली. बायको इथल्या लॅबमध्ये नोकरी करते आणि मी तिच्या व्हिसावर आलोय, डिपेंडंट म्हणून. हा शब्द ज्याने ठरवला त्याला माणसांची पारख नसावी. यापुढे पहाटे उठणे. आज साडेदहाला उठलो, पण निश्चय उठल्यावर केला, म्हणून तो उद्यापासून लागू.

५ फेब्रुवारी
पहाट जमली नाही. इथली पहाट फार अंधारी असते.
बायकोने नियम वाचून दाखवला. डिपेंडंटने कंपनीची मालकी घेतलेली चालते, पण काम करायचं नाही. केलं तर दोघांचाही व्हिसा जाणार आणि तिची नोकरीही. कळलं ना, असं तिने दोनदा विचारलं. न कळायला काय झालं? मालकाने काम करायचं नाही, हा नियम कोणा जाणत्या माणसाने केलेला दिसतो.

१२ फेब्रुवारी
धंदा ठरला. इथली माणसं नोकरीत इतकी बुडालेली की घरचं काही उरकत नाही. त्यांची अडलेली कामं आमची कंपनी करणार. कपडे धुऊन आणणे, पार्सल घेणे, प्लंबर यायचा असेल तर घरी थांबणे.
या विचारात आमचेच कपडे तळघरातल्या सगळ्यांच्या मशीनमध्ये राहिले. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी ते काढून, घड्या घालून दाराशी ठेवले. त्याही डिपेंडंटच. रोज इथली भाषा शिकायला जातात, वर्क परमिटसाठी अर्ज केलाय. नोकरी मिळावी म्हणून एवढा आटापिटा! कीव आली.

२ मार्च
माणसं नेमायला हवीत, पण लायकीचं कोणी दिसत नाही. वहिनींना म्हटलं, परमिट मिळालं की तुम्हाला हाताखाली घेईन. त्या म्हणाल्या, भाऊजी, आधी मशीन रिकामं करा. या वृत्तीपायीच आपली माणसं मागे राहतात.
सासऱ्यांचा फोन. जावई काय करतात? बायको म्हणाली, कंपनीचा विचार करतायत. सासरे म्हणाले, अजून? त्यांचा जन्म सरकारी कचेरीत गेला. त्यांना उद्योजक काय कळणार, कपाळ!

१९ मार्च
व्हिजिटिंग कार्डं छापून आली. कंपनीची नोंदणी व्हायचीय, पण ती कारकुनी बाब झाली. वर माझं नाव, खाली इथल्या भाषेत ठसठशीत ओळ: प्रत्येक कामाला संस्थापक जातीने हजर राहतील. आपल्याकडे चांगल्या दुकानाच्या पाटीवर असं काहीतरी लागतंच, त्याशिवाय गिऱ्हाइकाचा विश्वास बसत नाही. बायकोला दाखवलं नाही. सरप्राइज.

२८ मार्च
बायकोच्या ऑफिसची पार्टी. रटाळ लोक. हवामानावर तासभर बोलतात आणि वर एकमेकांना पटतं. सगळ्यांना कार्डं वाटली. तिच्या साहेबाने तर जागेवर पहिलं काम दिलं. सोमवारी हीटर दुरुस्त करणारा येणार, तेव्हा त्याच्या घरी थांबायचं. घरी येताना बायकोने माझ्या खिशातली उरलेली कार्डं काढून घेतली. नवऱ्याचा उत्कर्ष सगळ्यांना झेपत नाही.

३० मार्च
साहेबाकडे गेलो नाही. चहा घेऊन जरा टेकलो तो डोळा लागला. हीटरवाला बेल वाजवून परत गेला म्हणे. बरंच झालं. संस्थापकाने दुसऱ्याच्या सोफ्यावर ताटकळत बसणं शोभत नाही.

२ एप्रिल
घोळ झाला. साहेबाने कार्ड एचआरकडे दिलं, एका हीटरपायी. डिपेंडंट जातीने काम करतो हे कार्डावरच छापलंय, म्हणून व्हिसावाल्यांकडून चौकशी. बायकोच्या ऑफिसने वकीलबाई गाठून दिल्यात.
बायको रडली असती तर समजूत घातली असती. ती माळ्यावरच्या बॅगा काढून पुसत बसली. जेवलीही नाही. मला भीती वाटली. खरंच वाटली.

९ एप्रिल
वकीलबाईंनी विचारलं, कंपनी नोंदवली? नाही. नोकर? नाही. गिऱ्हाईक? एक. त्याचं काम केलं? धोरण म्हणून गेलो नाही, असं सांगणार तोच बायको म्हणाली, झोपले होते. त्याला साक्षीदार आहे का? आहे म्हणाली.
वरच्या वहिनींना बोलावलं. त्यांनी इथल्या भाषेत, कुठेही न अडखळता सांगितलं की त्या दिवशी आमच्या कपड्यांनी मशीन अडलं होतं म्हणून त्या दुपारपर्यंत आमची बेल वाजवत होत्या, आणि आतून घोरणं ऐकू येत होतं. रोजच येतं, हेही सांगितलं. वकीलबाई पहिल्यांदाच हसल्या. केस भक्कम आहे म्हणाल्या. मी कंपनीच्या व्हिजनबद्दल बोलायला तोंड उघडलं. बायकोने माझ्याकडे बघितलं. मिटलं.

२४ एप्रिल
निकाल आला. व्हिसा शाबूत, तिची नोकरी शाबूत. व्हिसा कार्यालयाने कळवलंय की सदर गृहस्थांनी या देशात आल्यापासून कोणतंही काम केल्याचं आढळून येत नाही.
बायकोने फोनवर सासऱ्यांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, खाली सही-शिक्का आहे का? आहे म्हटल्यावर त्यांनी सासूबाईंना हाक मारली आणि सावकाश पुन्हा एकदा वाचायला सांगितलं.