बाणाची दिशा

३ मार्च
आले एकदाची! धाकटी बहीण स्वतः न्यायला आली होती, माझी जड बॅगही तिनेच उचलली. तिच्या दोन खोल्या संशोधन केंद्राच्या आवारातच आहेत. खिडकीसमोर हिरवळ आणि चिमण्यांचा नुसता गोंगाट. ही नोकरीही तिनेच साहेबांच्या कानावर घालून मिळवून दिली. काम मजेचं आहे. जमिनीत खोल नळी घालून काढलेले मातीचे दांडे वाळून तडकू नयेत म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळायचे आणि फडक्यावर खडूने बाण काढायचा. बाणाचं टोक वरच्या, म्हणजे अलीकडच्या काळाकडे. धाकटीने दहादा बजावलं, हा बाण चुकला तर पृथ्वीच उलटी होईल. मी हसले.

७ मार्च
धाकटीचा लाडका दांडा पाहिला. याच अंगणाखालून काढलेला, हातभर लांब. वरच्या टोकाला शिंपल्यांची राखाडी माती, कारण इथे कधीकाळी समुद्र होता. खालचं टोक काळंभोर, नासक्या अंड्यांच्या वासाचं. ते हवेत श्वास घ्यायला प्राणवायूच नव्हता त्या काळातलं, असं ती सांगत होती आणि साहेब आ वासून ऐकत होते. मी बाजूला फडकी पिळत उभी. संध्याकाळी आईचा फोन. धाकटीकडून चार गोष्टी शिकून घे म्हणाली. हिला बोट धरून चालायला मी शिकवलं! अंगाचा नुसता तिळपापड झाला.

१२ मार्च
पुढच्या आठवड्यात पाहुणे येणार, त्यांच्यासमोर ती तो दांडा उलगडणार. सगळीकडे तिचंच कौतुक. आज मी त्यावरचा बाण पुसला आणि उलट्या दिशेला काढला. होऊ दे एकदा फजिती. जेवण छान गेलं.

१३ मार्च
हिरवळ काळी पडली आहे. चिमण्या गप्प. नळाच्या पाण्याला नासक्या अंड्यांचा वास. साहेब म्हणाले, गटार फुटलं असेल.

१४ मार्च
गॅस पेटेना. काडी ओढली की विझते. धाकटी जिन्यातच बसली, तिला दम्याची धाप लागली होती. तो बाण? छे, काहीतरीच. तरी सांगून टाकावंसं वाटतं. पण नोकरी जाईल. आणि ती मला लगेच माफ करेल, ते तर मुळीच सोसणार नाही.

१५ मार्च, सकाळ
जरा बरं आहे. काडी पेटली. धाकटीने चहा आणून दिला, माझ्या केसांवरून हात फिरवला. दुपारी गुपचूप बाण सरळ करून टाकते.

दुपार
केला. कुणाची तरी पावलं वाजली, फडकं उलगडून आतला दांडा बघायला वेळ नव्हता. होता तो बाण पुसला, उलट काढला. सुटले.

संध्याकाळ
पुन्हा तो वास. श्वास पुरत नाही. काडी पेटत नाही —
धाकटी जमिनीवर. ओठ निळे. रडत सगळं सांगितलं तिला. म्हणाली, तिला कालच कळलं होतं. ताईची नोकरी जाऊ नये म्हणून सकाळीच तिने बाण गुपचूप सरळ —
म्हणजे दुपारी मी —

बाण पुन्हा फिरवायला हवा, पण दांडा अंगणापलीकडे. अंगणभर काळा चिखल, बुडबुडे येतात. तिला टाकून कशी —
ती मला ढकलते आहे. मला सोड, ताई, तू पळ म्हणते. आताही चांगली तीच! आताही मला —