धूमकेतू राहिला बाजूला

मंगळवार, संध्याकाळ

माझ्या पोरीच्या, मंजूच्या, परिषदेतल्या वीस मिनिटांच्या भाषणाची खरी किंमत: चार वर्षांचा अभ्यास, आणि चष्म्याचा नंबर दोनदा वाढला.

विषय, चारशे वर्षांपूर्वीचे, लॅटिनमध्ये लिहिणारे युरोपातले पंडित. भांडण धूमकेतूवरून. एकानं लिहिलं, समोरचा जर्मन, म्हणजे दारुडा. दुसऱ्यानं लिहिलं, हा कॅथलिक, म्हणजे खोटारडा. धूमकेतू राहिला बाजूला! पोरीनं सभागृह हसवलं. आणि एवढं ऐकूनही अध्यक्ष शेजाऱ्याला म्हणतो, "झाडीपट्टीची पोरगी, हिला लॅटिन काय कळणार?"

तिसऱ्या रांगेत मला स्पष्ट ऐकू आलं. डोकं असं सणकलं! चहाच्या वेळी गाठलाच त्याला. "सर, चूक दाखवा ना. गाव कायले काढता? आमच्या राईस मिलमध्ये मी माणसाचं काम पाहतो, जात-गाव नाही." तो चहा फुंकत बसला. धूमकेतूबद्दल एक शब्द नाही.



येताना गाडीत मंजू म्हणाली, "बाबा, मंग तो अर्जुनी मोरगावचा गोंड माणूस आपल्या मिलमध्ये मुनीमकीसाठी आला होता, त्याले काऊन वापस पाठवलं?"

मी त्याला म्हटलं होतं, जंगलातल्या माणसाले हिशेब काय जमते. त्याचा अर्ज मी उघडलासुद्धा नव्हता.